ओढ्याकाठचा केमिकलचा गाळ उचलायला लावला – माझा अनुभव

एमआयडीसीच्या खालच्या अंगाला आमची शेती आहे. ओढ्याच्या वर शेजारच्या काकांनी पडीक तुकडा एका भंगारवाल्याला भाड्याने दिलेला, तिथे रात्री केमिकलच्या गाळाचे ड्रम उतरायचे. पावसाळ्यात काळपट तपकिरी पाणी थेट विहिरीपर्यंत आलं, जनावरं त्या पाण्याला तोंड लावेनात, मग मात्र आम्ही काही घरं मिळून तक्रार द्यायचं ठरवलं.

गट नंबर, लोकेशनसकट फोटो, आणि लेखी तक्रारीची पोच, एवढं पहिल्या दिवसापासून जपा. सँपल घ्यायला अधिकारी आले की तिथे हजर राहा आणि पंचनामा नीट वाचल्याशिवाय सही करू नका. आमच्यात आधी नुसतं 'गाळसदृश पदार्थ' लिहिलेलं, आम्ही आग्रह धरून ड्रमवरच्या फाटक्या लेबलांचे बॅच नंबर त्यात घालून घेतले आणि पुढचं सगळं त्याच्यावरच चाललं.

पहिली नोटीस कुणाला आली, तर शेजारच्या काकांना! सातबारा त्यांचा. भंगारवाला गायब, काका रडकुंडीला आलेले. घातक कचऱ्याचे २०१६ चे नियम आहेत त्यात 'ऑक्युपायर' म्हणजे कारखाना चालवणारा तर आहेच, पण ज्याच्या ताब्यात कचरा आहे तोही येतो, म्हणून जमीन भाड्याने देणाऱ्यांनी खरंच सावध राहायला हवं. पण त्याच नियमांतला २३ वा नियम सांगतो की कचरा नीट न हाताळल्याने पर्यावरणाचं किंवा तिसऱ्या माणसाचं जे नुकसान होईल त्याला ऑक्युपायर जबाबदार. म्हणजे ज्याच्या कारखान्यात तो गाळ तयार झाला त्याला भंगारवाल्याकडे बोट दाखवून सुटता येत नाही.

मग माहिती अधिकारात त्या लेबलवाल्या कारखान्याचं संमतीपत्र (कारखाना चालवायची परवानगी), वार्षिक विवरण (फॉर्म ४, दरवर्षी ३० जूनपर्यंत भरावं लागतं) आणि मॅनिफेस्टच्या प्रती मागितल्या. मॅनिफेस्ट म्हणजे कचरा कुठून निघाला, कुठल्या गाडीने गेला, कुठे पोचला याचा कागद, त्याच्या सात प्रती निघतात. सांडपाणी प्रक्रियेतला केमिकल गाळ त्याच नियमांच्या यादीत ३५.३ या वर्गात येतो. तो तयार झाला किती आणि अधिकृत विल्हेवाट केंद्रात पोचला किती, हे आकडे जुळतच नव्हते. हा फरक हातात आला आणि काकांचा जीव भांड्यात पडला.

तरी गाळ जागेवरच, म्हणून पुण्याला राष्ट्रीय हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालतात तिथे गेलो. वकील लागतोच असं नाही, स्वतः उभं राहता येतं, नुकसानभरपाई मागायची नसेल तर फी १००० रुपये, मागायची असेल तर रकमेच्या १ टक्का. मुदत मात्र बघा, साध्या अर्जाला वाद उद्भवल्यापासून ६ महिने, भरपाई आणि जागा पूर्ववत करण्याच्या अर्जाला ५ वर्षं. आम्ही दुसरा केला. अर्जात फक्त 'ड्रम उचला' लिहू नका, खालची माती, ओढ्यातला गाळ आणि विहिरींची तपासणी हे सगळं मागा, कारण ड्रम गेले तरी विष मातीत राहतं. उदयपूरजवळच्या बिछडी गावाचं उदाहरण आहेच, सुप्रीम कोर्टाने १९९६ मध्ये साफसफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडूनच घ्यायला सांगितला आणि तो वसूल व्हावा म्हणून २०११ मध्ये ३७ कोटींवर चक्रवाढ व्याज लावावं लागलं.

आमच्याकडे लवादाच्या संयुक्त समितीच्या पाहणीनंतर ड्रम आणि वरची माती उचलली, खर्च कारखान्याच्या नावावर पडला. माती गेली ते आम्ही वजनकाट्याच्या पावत्या मागून तपासलं. विहिरींच्या भरपाईचं प्रकरण अजून चालू आहे.

ज्यांच्या गावात असा जुना ढिगारा पडून आहे त्यांनी आधी ग्रामपंचायतीत ठराव करून घ्या. २०२५ मध्ये दूषित जागांचे वेगळे नियम आलेत, त्यात संशयित जागांची यादी स्थानिक संस्था किंवा जिल्हा प्रशासनाने प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची आहे, तेव्हा तुमच्या जागेचा गट नंबर त्या यादीत चढला का ते लेखी विचारा.