शीग लावलेली पायली

आजोळच्या गावी दुपारची बस चुकली आणि पुढची येईपर्यंत वेळ काढायचा म्हणून मी मालगुजारांच्या वाड्यात शिरलो. वारसांनी ओसरी आणि माजघर आता गावाचे संग्रहालय म्हणून राखले आहे. झोपाळा, छताचा ओढपंखा, लाल कापडात बांधलेली दप्तरे, सारे जागच्या जागी होते. १८६१ मध्ये मध्यप्रांत झाला आणि त्यानंतरच्या जमीनमहसुलाच्या बंदोबस्तात शेतसाऱ्याची वसुली करणाऱ्या मालगुजाराला इंग्रजांनी गावाचा मालकच करून टाकले. शेजारच्या वऱ्हाडात सारा थेट शेतकऱ्याकडून घेणारी रयतवारी असल्यामुळे तिकडच्या सोयऱ्यांना हे आमचे मालगुजार-प्रकरण कधी नीट उमगत नाही. ती मालकी ३१ मार्च १९५१ रोजी संपली; मागे राहिले वाडे आणि तलाव.

तलावांना सरकारी कागदांत माजी मालगुजारी तलाव म्हणतात आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. लहानपणी सुट्टीत इथे येई तेव्हा तो तलाव माझ्याच मामाचा आहे याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती, आणि त्या भरवशावर मी गावातल्या पोरांना त्यात पोहण्याची परवानगीही देत असे. मामाजवळ धानाच्या दोन बांध्या होत्या, त्याही उंचावरच्या, जिथे तलावाचे पाणी सर्वांत शेवटी पोचे.

माजघरातल्या फळीवर एक लोखंडी पायली ठेवली आहे. खाली सुबक अक्षरांत लिहिले आहे : ‘पायली. धान मोजण्याचे माप.’ आजी सांगे की पावसाळ्याच्या तोंडाशी वाढीदिढीने धान देताना वाड्यावरचा दिवाणजी पायलीवरून हात फिरवून ती सपाट करी आणि कापणीनंतर वसूल करताना तीच पायली शीग लावून मोजून घेई. दीडपट तर ठरलेलीच असे; शीग कोणत्याही दप्तरात लिहिली जात नसे.

शेजारून आणलेली वाटीभर साखर परत करताना मी आजही ती शीग लावूनच भरतो, आणि कडेने दोन दाणे सांडले तरच माझे समाधान होते. आमच्या घरी याला संस्कार म्हणतात. आजीही तेच करी, पण तिने त्याला कधी काही नाव दिल्याचे मला आठवत नाही.

पायली उचलून पाहावी असे फार वाटले, पण रखवालदार बघत होता. अभिप्रायाच्या वहीत मी ‘जतन उत्तम’ असे लिहिले, कारण ते खरोखरच उत्तम आहे, आणि बसचा हॉर्न ऐकून बाहेर पडलो.