पाऊण मीटरचा फरक

नाशिकच्या नासर्डी नदीकाठच्या एका प्लॉटवर खोदाईची आखणी करून द्यायचं काम आमच्याकडे आलं, तेव्हा सर्व्हे आधीच झालेला होता. दुसऱ्या एजन्सीच्या कंटूर प्लॅनवर (जमिनीचे चढउतार दाखवणाऱ्या नकाशावर) आर्किटेक्टचा लेआउट बसला होता. पार्किंगची फरशी समुद्रसपाटीपासून ५७१.६०० मीटरवर आणि निळी पूररेषा (पुराच्या पाण्याची सरकारी पातळी) ५७१.३०० वर, म्हणजे कागदावर फरशी ३० सेंटिमीटर वर होती. पावसाळा तोंडावर आलेला आणि प्लॉटच्या मालकांना, शेठना, त्याआधी पाया भरून घ्यायचा होता.

खुंट्या मारण्याआधी बेंचमार्क, म्हणजे उंची ठाऊक असलेली पक्की खूण, तपासायचा, हा आमचा नेम. प्लॅनवरचा टीबीएम (तात्पुरता बेंचमार्क) पुलाच्या कठड्यावर होता: लाल ऑइलपेंटचा चौकोन, आर.एल. (पातळी) ५७१.८४०, पुढे नुसतं ‘एमएसएल’, म्हणजे सरासरी समुद्रसपाटीपासून. हा आकडा कुठून आणला, याची एक ओळही नाही. मला तेच खटकलं. पूररेषेची उंची जलसंपदा खात्याची, खात्याच्या बेंचमार्कवरून लेव्हलिंग करत आणलेली. मग कठड्यावरचा आकडाही त्याच बेंचमार्कशी जुळायला हवा. आम्ही खात्याच्या त्या बेंचमार्कपासूनच ऑटो लेव्हल (पातळी मोजायची दुर्बीण) लावत निघालो. सकाळी लवकर, कारण ऊन तापलं की दुर्बिणीत स्टाफवरचे (उभ्या मोजपट्टीवरचे) आकडे थरथरायला लागतात. जाऊन-येऊन अडीच किलोमीटरचा लूप ९ मिलिमीटरवर बंद झाला, म्हणजे निघालो तिथे परत आल्यावर तेवढाच फरक पडला. १२ मिलिमीटर गुणिले किलोमीटरचं वर्गमूळ, या हिशेबाने १९ पर्यंत चाललं असतं. आणि कठड्यावरचा चौकोन आला ५७१.११५.

तब्बल ७२५ मिलिमीटर खाली. लेव्हलिंगच्या चुकीत हे कुठेच बसत नव्हतं.

एजन्सीला फोन केला. त्यांनी कॉर्स जाळ्यावरून (कायमच्या उपग्रह-केंद्रांवरून) आरटीके रोव्हरने, म्हणजे हातातल्या अचूक जीपीएस यंत्राने काम केलं होतं, कंट्रोलरमध्ये उपग्रहाची उंची समुद्रसपाटीच्या उंचीत बदलणारं ईजीएम ९६ हे जिऑइड मॉडेल निवडलेलं होतं आणि स्थानिक बेंचमार्कवर रोव्हर एकदाही टेकवला नव्हता. कोडं तिथेच सुटलं.

उपग्रहांवरून मिळणारी उंची समुद्रसपाटीपासूनची नसते. ती डब्ल्यूजीएस ८४ या गुळगुळीत, गणिती लंबगोलापासूनची असते. पाणी मात्र लंबगोल पाहून वाहत नाही, ते गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वाहतं. गुरुत्वाकर्षणाने ठरणारा समुद्रसपाटीचा पृष्ठभाग म्हणजे जिऑइड आणि तो आपल्या देशात लंबगोलाच्या बराच खाली आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर हे अंतर १०० मीटरहून जास्त आहे. आपल्या नाशकात ते साठ-पासष्ट मीटर. ही संख्या उणे असते आणि लंबगोलावरच्या उंचीतून ती वजा करायची असते, म्हणून प्रत्यक्षात मिळवली जाते. रोव्हर कच्ची उंची ५०८ च्या आसपास दाखवतो, रूपांतर केलं की ५७१ येतात. कुणी चिन्हात गल्लत केली तर ४४५ येतील आणि नाशिकची पातळी ठाऊक असलेला कोणीही प्लॅन तिथल्या तिथे परत पाठवेल. साठ मीटरच्या चुकीची मला कधीच भीती वाटलेली नाही. पाऊण मीटरची वाटते. ५७१.८४० हा आकडा अगदी खरा दिसतो, शेजारच्या प्लॉटच्या आकड्यांत मिसळून जातो आणि त्यावर सह्या होतात.

ईजीएम ९६ सगळ्या जगासाठी केलेलं मॉडेल आहे. आपल्याकडे ते काही डेसिमीटर, कधी मीटरभरही चुकू शकतं. खात्यांचे जुने बेंचमार्क वेगळ्या वाटेने आले आहेत. १९०९ च्या भारतीय उंची-आधारात मुंबईच्या अपोलो बंदरासह नऊ ठिकाणच्या भरती-ओहोटीच्या नोंदी धरल्या होत्या. तिथपासून दगडादगडावर स्टाफ टेकवत ती उंची आत आणली गेली. दोन्ही आकड्यांपुढे एमएसएलच लिहितात, पण पाया निराळा.

शेठना हे सांगितलं. ते म्हणाले, “मॅडम, जीपीएसने मोजलंय ना? मग ते तुमच्या दुर्बिणीपेक्षा बरोबरच असणार की.” त्यांचं चुकत नव्हतं. यंत्र महागाचं, प्लॅन रंगीत. मी मिस्तरींना लेव्हल पाईप, म्हणजे पाणी भरलेली पारदर्शक नळी, आणायला सांगितला.

प्लॉटला लागून एक जुनं बैठं घर आहे. तिथल्या आजींनी २०१६ च्या ऑगस्टमधल्या पुराची खूण भिंतीवर जपली आहे. चुना कितीदाही लागो, तेवढी रेघ सोडून लागतो. प्लॅनप्रमाणे पार्किंगची फरशी कठड्यावरच्या चौकोनापेक्षा २४ सेंटिमीटर खाली येत होती, त्या पातळीला मी खुंटी मारून घेतली. पाईपचं एक टोक खुंटीशी, दुसरं भिंतीशी. पाणी हलायचं थांबलं तेव्हा ते आजींच्या रेघेच्या जवळपास वीतभर खाली होतं. आमच्या लेव्हलने रेघ ५७१.०५० आणि खुंटी ५७०.८७५. शेठ वाकून बघत राहिले. आजी म्हणाल्या, “पोरी, आमचा पाटा-वरवंटा त्या पाण्यात गेला. तुमच्या गाड्या कुठल्या राहतायत!” त्याच दुपारी खोदाईचं मशीन परत गेलं.

आर्किटेक्टने प्लॅनवरच्या सगळ्या उंचींतून ०.७२५ वजा केले आणि पार्किंग ५७१.६०० वरच ठेवलं, म्हणजे जमिनीवर फरशी तेवढी उचलली. एकास दहाचा उतार धरल्यामुळे रॅम्प सव्वासात मीटरने लांबला आणि बागेचा एक तुकडा त्यात गेला. भरावाचा खर्च वाढला. शेठ कुरकुरले, पण नाही म्हणाले नाहीत.

एका प्लॉटपुरतं असं सरसकट वजा करून भागतं, कारण तेवढ्या अंतरात जिऑइडचा उतार नगण्य असतो. गंगापूर धरणापासून नाशिकरोडपर्यंत जलवाहिनी टाकायची असेल तर भागत नाही. वाटेवरच्या अनेक बेंचमार्कवर रोव्हर टेकवून फरकाचा कल काढावा लागतो. त्याच एजन्सीचा पाथर्डी शिवारातला एक सर्व्हे नंतर आमच्याकडे तपासणीला आला. मॉडेल तेच, रोव्हर तोच, पण तिथे फरक ६८० मिलिमीटर निघाला. नासर्डीवरचा आकडा तिथे चिकटवला असता, तर साडेचार सेंटिमीटरची नवी चूक पदरात पडली असती आणि पावसाळी गटाराचा उतार तिथे जेमतेमच ठेवलेला होता.