जास्त खाणं आधीच्या चार तासांत ठरतं

रात्री अकरा वाजता फ्रीज उघडून उभ्या उभ्या खाणाऱ्याला कारण विचारलं, तर तो बहुधा म्हणतो, "माझा जिभेवर ताबाच नाही." या उत्तरातून हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा हे विचारावं: दुपारी काय खाल्लं, किती वाजता खाल्लं, काल झोप किती झाली, संध्याकाळी कोणाशी काय बोलणं झालं? बऱ्याचदा कारण तिथेच सापडतं.

आधी पोट भरल्याचं मेंदूला कळतं कसं ते पाहू. रिकाम्या जठराची जागा जेमतेम ७५ मिलिलिटर असते. जेवताना ते सैलावतं आणि एक लिटरभर अन्न सहज सामावून घेतं. ते ताणलं की व्हेगस या मज्जातंतूवाटे मेंदूला निरोप जातो. अन्न आतड्यात उतरू लागलं की सीसीके, जीएलपी-१, पीवायवाय ही संप्रेरकं स्रवतात आणि 'बास' ही जाणीव पक्की होते. या सगळ्याला १५ ते २० मिनिटं लागतात. सात मिनिटांत जेवण उरकणाऱ्याला हा निरोप मिळतो तेव्हा दुसरी वाढ संपलेली असते.

याशिवाय दोन संप्रेरकं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. घ्रेलिन जठरात तयार होतं आणि भूक चेतवतं. लेप्टिन चरबीच्या पेशींतून येतं आणि साठा पुरेसा असल्याचं मेंदूला सांगतं. लठ्ठपणात लेप्टिन भरपूर असतं, पण मेंदू त्याला दाद देईनासा होतो. त्यामुळे "एवढं वजन आहे, तरी भूक कशी लागते?" हा टोमणा शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही चुकीचा आहे.

आता सगळ्यात दुर्लक्षित कारण: कमी खाणं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. त्यांना रोज साधारण १,६०० कॅलरी मिळत. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शाने घटलं. ते चिडचिडे आणि उदास झाले, दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. काही जण तर पाककृतींची पुस्तकं जमवू लागले. पुढे हवं तेवढं खायला मिळाल्यावर पोटाला तडस लागेपर्यंत खाऊनही त्यांच्यातल्या अनेकांची भूक भागेना. हे सगळे धडधाकट, स्वतःहून तयार झालेले स्वयंसेवक होते. आज कित्येक 'डाएट प्लॅन' यापेक्षाही कमी कॅलरींचे असतात, हे जाता जाता नोंदवायला हवं.

याची रोजची आवृत्ती अशी असते. सकाळी काही खायचं नाही, दुपारी नावापुरतं खायचं, गोड कायमचं बंद. संध्याकाळी सहाला भूक अनावर झालेली असते आणि तेवढ्यात कोणी बिस्किटाचा पुडा पुढे करतं. एक बिस्किट खाल्लं की नियम मोडला. नियम मोडलाच आहे तर पुडा संपवू, उद्यापासून कडक. मग उद्या पुन्हा सकाळचं खाणं टाळलं जातं आणि चक्र पहिल्यापासून सुरू होतं. यात बिघाड बिस्किटात नसतो, सकाळपासूनच्या उपाशीपणात असतो.

झोपेचंही तसंच. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागो विद्यापीठातल्या अभ्यासात १२ तरुणांची सलग दोन रात्री चार-चार तास आणि दोन रात्री दहा-दहा तास झोपल्यानंतर तुलना केली. कमी झोपेनंतर लेप्टिन १८ टक्क्यांनी कमी आणि घ्रेलिन २८ टक्क्यांनी जास्त भरलं, आणि ओढ गोड, खारट, पिठूळ पदार्थांकडे वाढली. अभ्यास छोटा होता, पण जागरणानंतरच्या दिवशी आपली नजर कुठे वळते ते आठवून पाहा.

पदार्थाची घडणही महत्त्वाची. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं, बहुधा पाकीटबंद) अन्न आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. समोर ठेवलेल्या दोन्ही जेवणांत कॅलरी, साखर, मेद, मीठ, तंतू सारखेच होते, आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत सरासरी ०.९ किलो वाढली. ती जेवतही भराभर होती. मऊ, फार चावावं न लागणारं, थोडक्यात भरपूर कॅलरी असलेलं अन्न 'बास' म्हणणाऱ्या निरोपाच्या आधीच पोटात पोचतं, हे त्याचं एक संभाव्य कारण.

ताण, कंटाळा, एकटेपणा यांबद्दल बरंच लिहिलं जातं, म्हणून थोडक्यात. लांबलेल्या ताणात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि गोड-तेलकट खाण्याने घटकाभर बरं वाटतं, ते खोटं नसतं. फक्त ते फार टिकत नाही.

खाल्ल्यावर काय होतं? लगेचचं असं: जठर तडस लागेपर्यंत भरलं की वरच्या झडपेवर दाब येतो, आम्ल वर चढतं, छातीत जळजळते, झोप तुटक होते. तुटक झोपेने दुसऱ्या दिवशीची भूक वाढते. महिनोन्महिने असंच चाललं तर जादा ऊर्जा पोटाच्या आतल्या चरबीत आणि यकृतात साठते. रक्तातली ट्रायग्लिसराइड नावाची चरबी चढते, साखर पेशींत पोचवणाऱ्या इन्सुलिनला पेशी नीट दाद देत नाहीत. यकृतात चरबी साठली तरी बहुतेकदा काहीच दुखत नाही, म्हणून ती कळते तीही दुसऱ्याच कशासाठी केलेल्या सोनोग्राफीत. मनावरचा परिणाम मात्र त्याच रात्री दिसतो: लाज, लपवाछपवी, रिकामी पाकिटं कचऱ्यात खाली दाबणं. आणि ही लाज पुढच्या वेळी ट्रिगर बनते.

उपाय वरच्या कारणांतूनच निघतात. दिवसा दोन खाण्यांत तीन-चार तासांहून जास्त अंतर पडू देऊ नका. सकाळच्या खाण्यात २० ते ३० ग्रॅम प्रथिनं ठेवा. जेवणाला २० मिनिटं द्या. दुसरी वाढ घेण्याआधी दहा मिनिटं थांबा. मनाई नाही, फक्त थांबा. स्क्रीन बंद ठेवा, कारण लक्ष नसताना खाल्लेलं नीट आठवत नाही आणि पुढच्या खाण्यात त्याची भर पडते. दोन आठवडे वहीत चारच गोष्टी लिहा: वेळ, शून्य ते दहामध्ये भूक किती, आधी काय घडलं, किती तास उपाशी होतो. कॅलरी लिहू नका, त्याने नियमांचा खेळ पुन्हा सुरू होतो.

एखाद्या दिवशी जास्त खाल्लं गेलंच, तर १०-१५ मिनिटं सावकाश चाला, दोन-तीन तास आडवे होऊ नका आणि पुढचं जेवण नेहमीच्या वेळी घ्या. भरपाई म्हणून उपास नको. उलटी तर मुळीच काढू नका: दातांचं आवरण झिजतं आणि रक्तातलं पोटॅशियम उतरून हृदयाची लय बिघडू शकते.

काही वेळा कारण औषधात किंवा आजारात असतं. प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड, तसंच ओलॅन्झापिन, मिर्टाझापिन ही मानसिक आजारांवरची औषधं यांनी भूक खरोखर वाढते. औषध स्वतःहून सोडायचं नाही, डॉक्टरांना सांगायचं. भूक आणि तहान वाढली, लघवीला वारंवार जावं लागतं आणि वजन घटतंय, तर रक्तातली साखर तपासा. भूक वाढून वजन घटतंय आणि धडधड, हात थरथरणं असेल, तर थायरॉइड तपासा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याला अचानक घाम, थरथर आणि वखवख सुटली, तर साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली असू शकते. तेव्हा १५ ग्रॅम साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यावं, १५ मिनिटांनी पुन्हा मोजावं, कमीच असेल तर पुन्हा तेवढंच. घाबरून समोर दिसेल ते खात सुटलं की तासाभराने साखर तिनशेवर जाते आणि दोष पुन्हा जिभेला मिळतो.

आणि थोड्या वेळात, थांबता येत नसल्याच्या भावनेने, इतरांच्या मानाने बरंच जास्त खाणं आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने होत असेल, सोबत एकट्याने लपून खाणं आणि नंतर स्वतःची किळस असेल, तर त्याला 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' म्हणतात. हे निदान २०१३ पासून अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या आजारांच्या निदान-पुस्तिकेत स्वतंत्रपणे आहे. यावर विचार आणि वर्तनावर काम करणाऱ्या सीबीटी या उपचाराचा उपयोग होतो. नुसतं वजन घटवण्याचं डाएट हातात दिलं तर असे खाण्याचे झटके वाढू शकतात. म्हणून डॉक्टरांकडे गेल्यावर "वजन कमी करायचंय" एवढ्यावर थांबू नका. "खायला लागलो की थांबता येत नाही, आणि आठवड्यातून इतक्या वेळा होतं" असं स्पष्ट सांगा, आणि ती दोन आठवड्यांची वही सोबत न्या.