फोन हातात आला, पण विचारायचं कुणाला?

आमचं घर कोपरखैरण्यात, बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी. ते सांगतात, पूर्वी नाशिककडचा शेतकरी रात्रभर गाडीत बसून माल घेऊन यायचा आणि गाळ्यावर पोचल्यावर त्याला कळायचं की आज आवक जास्त झालीय, भाव पडलाय. माल परत न्यायचं भाडं कुठून आणणार, मग मिळेल त्या भावात देऊन मोकळा. आता तो घरूनच कांद्याचा फोटो टाकतो, भाव विचारतो, पटलं तरच गाडी भरतो. हे मोबाईलनेच झालंय, त्यामुळे मोबाईलने सगळ्यांचं वाटोळं केलं म्हणणाऱ्यांचं मला अजिबात पटत नाही.

पण नुसतं यंत्र पोचलं की झालं, असंही नाही ना. १९५६ ला आकाशवाणी पुणे आणि युनेस्कोने आपल्याकडच्या ५ जिल्ह्यांतल्या १५० गावांत एक प्रयोग केला होता, मला तो फार भारी वाटतो. गावातली पंधरा-वीस माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसायची, अर्धा तास शेतीचा, आरोग्याचा कार्यक्रम ऐकायची आणि मग त्यावर आपापसात बोलायची, कुणी म्हणायचं हे आपल्या रानात चालणार नाही, कुणी म्हणायचं करून तर बघू, आणि शंका पुण्याला कळवल्या की त्यांची उत्तरं रेडिओवर यायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने नंतर पाहणी केली तर जिथे असे गट बसत होते तिथे लोकांची माहिती चांगलीच वाढलेली, आणि जिथे नुसता रेडिओ होता तिथे अगदी थोडी. कार्यक्रम दोन्हीकडे तेच!

आणि २०१८ ला काय झालं? धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला, १ जुलैला, मुलं पळवणारी टोळी आलीय या अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या डवरी गोसावी समाजाच्या ५ माणसांना जमावाने मारून टाकलं. व्हॉट्सअॅपवर तसले मेसेज तेव्हा सगळीकडे फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी ५ चॅटलाच फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. बरं केलं, पण आलेला मेसेज खरा की खोटा हे त्या गावाने विचारायचं कुणाला? रेडिओ ऐकणाऱ्या गावाकडे निदान पुण्याचा पत्ता होता.

म्हणून मला वाटतं की आपल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर गुड मॉर्निंग आणि पाण्याच्या तक्रारींपलीकडे काहीतरी व्हायला हवं, आणि ग्रुपवरच कशाला, महिन्यातून एकदा खाली ऑफिसात खुर्च्या टाकून बसायला काय हरकत आहे. आमच्या पुढच्या मीटिंगला मी हे मांडणारे. पहिला विषय डिजिटल अरेस्टचा, म्हणजे खोटे पोलीस व्हिडिओ कॉलवर तुम्हाला अटक केलीय म्हणून घाबरवतात आणि पैसे उकळतात त्याचा, कारण आमच्याच मजल्यावरच्या एका काकूंना तसा व्हिडिओ कॉल येऊन गेला आणि भीतीने त्यांनी दोन दिवस घरात कुणालाच सांगितलं नाही. अशी अटक कायद्यात नाहीच, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करायचा, एवढं तरी आमच्या बिल्डिंगमधल्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला समोर बसून सांगायचंय.