बायोप्सीचा रिपोर्ट येईपर्यंत: मिरजेतला माझा अनुभव

बाबांचं स्कॅन झालं, तुकडा काढून झाला, सगळं सुरळीत. डॉ. वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचंच गाव, सोयीला तोटा नाही. अडलं ते रिपोर्टपाशी. लॅबच्या खिडकीवरचं ते 'उद्या या' आठवलं की आजही संताप होतो. उशीर का होतोय, एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं तरी घरातल्यांना झोप लागली असती.

रुग्णापाशी बसणाऱ्याच्या डोक्यात तेव्हा एकच हिशेब चालतो: उशीर म्हणजे वाईटच. तसं नसतं. तुकडा आधी फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावणात, मुरतो. मग मशीनमध्ये त्यातलं पाणी काढून मेण भरतात, त्याचा ब्लॉक होतो, ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉनचे, अगदी पातळ काप काचेवर घेऊन रंगवतात. लहान तुकड्याला साधारण तीन ते सात दिवस धरा. हाडाचा तुकडा असेल तर आधी त्यातलं कॅल्शियम काढावं लागतं, त्यात आणखी दिवस जातात. आयएचसी (पेशींचा नेमका प्रकार ओळखायची जादा तपासणी) लावली तर पुन्हा काही दिवस, आणि तिचे पैसे वेगळे. शिवाय एक अगदी साधं कारण असतं: फॉर्मवर आजाराची माहितीच लिहिलेली नसते आणि पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे तुकडा तपासणारे डॉक्टर, ती मिळायची वाट बघत बसतात. आमचं तिथेच अडलं होतं.

म्हणून खिडकीवर 'रिपोर्ट आला का' एवढंच विचारू नका. पावतीवरचा नंबर सांगा आणि विचारा: ब्लॉक तयार झाला का? आयएचसी सांगितली आहे का? डॉक्टरांकडून काही माहिती हवी आहे का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर 'हो' आलं तर त्याच दिवशी वॉर्डातून ती माहिती लिहून घेऊन द्या. फॉर्मवर फोन नंबर रुग्णाचा नको, धावपळ करणाऱ्याचा द्या.

हे सगळं ख्रिस्ती विश्वासाच्या गोष्टीत कशाला, असं वाटेल. पण बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात चिंता करू नका म्हणून थांबलेलं नाही. सहाव्या वचनात मागणी देवापुढे मांडायला सांगितलंय, आणि आठव्यात कशाचं मनन करायचं त्याची यादी आहे. त्या यादीत पहिलं काय? जे खरं आहे ते. 'रिपोर्ट चांगलाच येणार' असं घोकणं म्हणजे सकारात्मक विचार नव्हे, ते आपल्याला ठाऊक नसतं. आज रात्री खरं काय आहे? बाबांना ताप नाही, दोन घास खाल्ले, ब्लॉक तयार झालाय. तेवढंच वहीत लिहायचं आणि त्याबद्दल आभार मानायचे. शेजारच्या रकान्यात उद्याची कामं. ज्या चिंतेला काम नाही, ती नाव घेऊन प्रार्थनेत द्यायची. 'सगळं ठीक कर' अशी मोघम प्रार्थना केली की मन पुन्हा त्याच फेऱ्यात अडकतं.

'विश्वास आहे ना, मग चिंता कशाला?' असं म्हणणारे भेटतात. हे बोलणं फार लागतं. गेथशेमाने बागेत प्रभू येशू स्वतः व्याकूळ झाला आणि तिघा शिष्यांना म्हणाला, माझ्याबरोबर जागे राहा (मत्तय २६). चर्चच्या मंडळीकडे हेच मागावं. भगिनी मंडळाला, पाळकसाहेबांना स्पष्ट सांगा: अमुक रात्री दहा ते दोन कुणीतरी बसा. व्हॉट्सॲपवर आजाराचं नाव टाकू नका, नाहीतर फोन घेण्यातच दिवस जातो. फोन घ्यायला घरातला एकच माणूस ठेवा.

रात्री आळीपाळीने झोपायचंच. १ राजे १९ मध्ये थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, बोलणं नंतर. स्तोत्र १२१ म्हणून दिवा मालवा. आपल्याला राखणारा देव डुलकी घेत नाही. दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, सारखं रडू येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा. तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. प्रार्थना चालू ठेवून औषध घेता येतं.

एक राहिलं. रिपोर्टबरोबर ब्लॉक आणि स्लाइडही मागून घ्या. पुढे मुंबईला टाटामध्ये दाखवायचं ठरलं तर तिथे ते लागतात. ब्लॉक उन्हात किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.