आधी माणूस मोजतो, मग भिंत

आमची सुरुवात कपाटांची. मी, माझा मेहुणा आणि एक मिस्त्री, एवढीच फर्म. वॉर्डरोब, किचनची कपाटं, टीव्ही युनिट यात आमचा हात बसलेला. टेबल हे आमच्या लेखी कामच नव्हतं. उरलेल्या प्लायमधून कुणाच्या मुलाला अभ्यासाला एखादं ठोकून द्यायचं आणि बिलात शेवटच्या ओळीत टाकायचं.

२०२० साली माणसं घरात बसली आणि आमच्याकडे येणाऱ्या फोनची तऱ्हाच बदलली. कपाटाबद्दल कुणी विचारेना. "बेडरूमच्या कोपऱ्यात ऑफिस करून द्या", "गॅलरी बंद करून बसायची सोय करा", नाहीतर "जिन्याखाली काही जमतंय का बघा". आम्हाला वाटलं, त्यात काय एवढं? भिंत मोजायची आणि भरायची, कपाटासारखीच. टेबल तीस इंच उंच, कारण टेबल तीस इंचच असतं. वर दोन फळ्या, खाली ड्रॉवर, मागे झकास लॅमिनेट. मेहुण्याला दिसण्याची हौस भारी, त्यामुळे फोटो सुरेख यायचे. फोटोतल्या खुर्च्या रिकाम्या असायच्या, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

पहिली तक्रार आली ती भाषांतराचं काम करणाऱ्या एका ताईंकडून. फार सौम्यपणे म्हणाल्या, "टेबल देखणं आहे हो, पण संध्याकाळपर्यंत माझे खांदे कानाला लागतात." मिस्त्री गेले. त्यांनी ताईंना खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला टेकवायला सांगितले आणि जमिनीपासून कोपरापर्यंत टेप लावली. चोवीस इंच. आमचं टेबल तीस. सहा इंचांची चढण त्या दिवसभर खांद्यांनी चढत होत्या. खुर्ची वर घेतली की पाय लोंबकळायचे, खाली घेतली की हात वर. टेबलाचे पाय कापावेत तर खाली आमचेच चार इंची ड्रॉवर, मांड्या अडकणार. शेवटी ड्रॉवर काढले, पाय पाच इंच कापले आणि ते सगळं आमच्या खर्चाने केलं.

त्या दिवसापासून आमच्या वहीत भिंतीच्या मापाआधी एक रकाना आला: कोपर. बसलेल्या माणसाचं कोपर जिथे येतं, की-बोर्ड त्याच पातळीला हवा, बोटभर खालीवर. हाताने लिहिणाऱ्याला थोडं उंच चालतं, टाइप करणाऱ्याला नाही. एकाच टेबलावर घरातली दोघं आलटूनपालटून बसणार असतील तर उंच व्यक्तीचं माप धरतो आणि दुसऱ्याच्या पायाखाली तिरका पाट देतो. उलटं केलं तर उंच माणूस पाठीतून वाकतो आणि त्याला कुठलाच पाट उपयोगी पडत नाही.

लॅपटॉपचं दुखणं मात्र कुठल्याच टेबलाने जात नाही. स्क्रीन आणि की-बोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात नीट ठेवले की मान खाली, मान नीट केली की हात वर. लॅपटॉप एखाद्या स्टँडवर चढवायचा आणि की-बोर्ड-माउस वेगळे घ्यायचे, एवढंच त्याचं उत्तर. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर हातभर. दोन नंबरांचा चष्मा असेल तर स्क्रीन आणखी खाली, कारण जवळचं पाहायला ती माणसं काचेच्या खालच्या भागातून बघतात आणि त्यासाठी हनुवटी वर करतात. स्टँड आम्ही विकत नाही. जाड पुस्तकांची चळत ठेवा म्हणून सांगतो, मेहुण्याला ते आवडत नाही.

टेबलाच्या डेप्थवरून आमच्यात खरी भांडणं झाली. जागा वाचते म्हणून आम्ही दीड फुटाची टेबलं देत होतो. त्यावर मॉनिटर ठेवला की तो नाकाशी येतो, मनगटं कडेवर टेकतात आणि वही ठेवायला जागाच उरत नाही. आता दोन फुटांच्या खाली उतरत नाही. वेगळा मॉनिटर असेल तर सत्तावीस-अठ्ठावीस इंच मागतो. खोली लहान असेल तर लांबी कमी करतो, डेप्थ नाही.

खिडकीचंही तसंच. सुरुवातीला सगळ्यांना खिडकीसमोर बसायचं असायचं, आम्हीही बसवलं. बाहेरचा उजेड आणि स्क्रीनचा उजेड यांत डोळ्यांची ओढाताण होते, दुपारपर्यंत ते चुरचुरतात आणि मग पडदा कायमचा ओढला जातो. खिडकी पाठीशी घेतली तर स्क्रीनवर चकाकी आणि व्हिडिओ कॉलवर चेहऱ्याच्या जागी काळा ठिपका. खिडकी कुशीला हवी. उजव्या हाताने लिहिणाऱ्याला डावीकडून, म्हणजे हाताची सावली कागदावर पडत नाही. रात्रीसाठी छताचा दिवा पुरत नाही, तो बहुधा बसणाऱ्याच्या मागे असतो आणि आपली सावली आपल्याच कामावर पडते. ऑफिसच्या कामाला टेबलावर साधारण ५०० लक्स उजेड धरतात; लक्स हे पृष्ठभागावर पडणारा उजेड मोजायचं माप. टेबलावर वाकवता येणारा दिवा, ४००० केल्विनच्या आसपासचा, म्हणजे ना फार पिवळा ना निळसर, आणि वरचं लॅमिनेट मॅट. चकचकीत लॅमिनेट दिव्याचा आरसा होतं, हे आम्ही तीन टेबलांवर शिकलो.

सगळ्यात लाजिरवाणं प्रकरण कॉम्प्युटरच्या खोक्याचं. एका गिऱ्हाइकाला वायरी, डबे काहीच दिसायला नको होतं. आम्ही टेबलाखाली सुबक बंद कपाट करून सीपीयू आत ठेवला. आठवड्याने फोन: मशीन मधेच बंद पडतं. दार उघडलं तर आतून भट्टीसारखी झळ आली. पंखा तीच गरम हवा पुन्हा पुन्हा ओढत होता. मिस्त्रींनी मागची प्लाय तिथेच जिगसॉने कापून काढली, खाली जाळी बसवली. आता राउटरसुद्धा बंद कपाटात ठेवू देत नाही. सॉकेट टेबलाच्या वर घेतो, रोज कोण खाली वाकणार? अडॅप्टर टेबलाच्या पोटाशी ट्रेमध्ये, आणि वर ६० मिलिमीटरचं एकच भोक, प्लग आरपार जाईल एवढं.

आवाजाबाबत लोकांचा एक गैरसमज आम्हीही पोसला होता. भिंतीला फोम चिकटवला की बाहेरचा गोंगाट थांबतो, असं वाटतं. तसं होत नाही. फोमने खोलीतला घुमारा कमी होतो, कॉलवर आपला आवाज स्वच्छ जातो, इतकंच. शेजारच्या खोलीतला टीव्ही दाराखालच्या फटीतून येतो. ती फट रबरी पट्टीने बंद केली की निम्मं भांडण मिटतं. घुमाऱ्याला जाड पडदा आणि पुस्तकांनी भरलेली फळी पुरते. ती फळी मात्र तीन फुटांच्या वर आधाराशिवाय ताणू नये, फायलींच्या वजनाने १८ मिलिमीटरची प्लायही पोट सोडते.

भिंतीवर मिटणारी टेबलं आम्ही भरपूर विकली. पुन्हा पाहायला गेलो तेव्हा एकही मिटलेलं दिसलं नाही. एकदा त्यावर कागद, चष्मा, चार्जर पसरले की रोज रात्री आवरणार कोण? आता कुणी मागितलंच तर देतो, आपणहून सुचवत नाही.

सध्या आम्ही पाच जण आहोत. काम घेताना पुठ्ठा घेऊन जातो. टेबलाच्या मापाचा तुकडा खोक्यांवर ठेवून माणसाला अर्धा तास तिथे खरं काम करायला लावतो. बरेच जण पहिल्या दहा मिनिटांतच उठून पुठ्ठा फिरवतात. तीन महिन्यांनी पुन्हा एक फेरी मारतो, फुकट, फक्त स्क्रू-ड्रायव्हर घेऊन. अशाच एका फेरीत टेबल समोरच्या भिंतीला गेलेलं दिसलं. ऋतू बदलल्यावर दुपारचं ऊन थेट स्क्रीनवर यायला लागलं, म्हणून त्यांनीच ते उचलून नेलं होतं. जुन्या भिंतीवर आमच्या ब्रॅकेटची आठ भोकं तशीच. मिस्त्रींनी काही न बोलता पुट्टी कालवली, भोकं भरली आणि जिना उतरताना म्हणाले, "साहेब, इथून पुढे टेबलाला चार पाय द्यायचे. भिंतीला हात लावायचा नाही."