तोक्योतला झालरींचा फ्रॉक आणि काठाचं गणित

शिंजुकू किंवा हाराजुकूच्या लेसवाल्या दुकानात फ्रॉक घालून बघायचा म्हटलं की आधी दोन गोष्टी होतात. बूट ट्रायल रूमच्या बाहेर काढायचे. मग दुकानातली मुलगी पांढरी, झिरझिरीत कागदी कापडाची पिशवी हातात ठेवते, ती डोक्यावरून चेहऱ्यावर ओढून घ्यायची. हिला फेस कव्हर म्हणतात. गालाची पावडर आणि ओठांचा रंग गळ्याच्या लेसला लागू नये, एवढाच तिचा उपयोग. आपल्याकडच्या माणसाला हे पहिल्यांदा जरा लागतंच. आम्ही काय इतके मळके आहोत? पण क्रीम रंगाच्या सुती लेसवर फाउंडेशनचा डाग बसला की तो पाण्याने निघत नाही, चोळला तर धाग्यात आणखी मुरतो, आणि तो नग मग पूर्ण किमतीला विकता येत नाही. 30 ते 40 हजार येनचा फ्रॉक असेल तर पिशवी घालायला हरकत नसावी.

या कपड्यांना इथे लोलिता फॅशन म्हणतात. भारतातून फोटो बघणारे हमखास दोन शेरे मारतात: 'कॉस्प्ले आहे का?' आणि 'बाहुलीसारखं काय हे!' कॉस्प्लेमध्ये आपण एखादं पात्र होतो. इथे कोणी पात्रबित्र होत नाही, हे सरळ कपडे आहेत. गुडघ्यापर्यंत उंची, खांदे झाकलेले, आत ब्लाउज, पायात लांब मोजे. अंग दाखवण्यापेक्षा झाकण्याचाच सोस जास्त. बाहुलीचं म्हणाल तर असू दे की, बाहुलीला कोणी विचारून सजवत नाही आणि या बायका स्वतःच्या पगारातून सजतात.

या धाटणीतल्या एकाच लेबलबद्दल लिहायचं तर 'बेबी, द स्टार्स शाइन ब्राइट'बद्दल लिहावं. एवढं लांबलचक नाव एव्हरीथिंग बट द गर्ल या ब्रिटिश जोडगोळीच्या 1986च्या अल्बमवरून उचललेलं. इसोबे आकिनोरी आणि इसोबे फुमियो या नवरा-बायकोने 1988 मध्ये शिबुयातून सुरुवात केली. मात्र लाडिक फ्रॉकांचा शोध काही त्यांनी लावला नाही. ओकावा हितोमी यांचं 'मिल्क' हाराजुकूत 1970 पासून होतं, कानेको इसाओ यांचं फुलाफुलांचं 'पिंक हाऊस' 1973 पासून, आणि आजचं 'अँजेलिक प्रिटी' ज्यातून निघालं ते 'प्रिटी' नावाचं दुकान 1979 पासून. बेबीने केलं ते एवढंच की एकच चेहरा धरला आणि सोडला नाही: गोल कॉलर, छातीवर बो, गुलाब, घेर आणि पुन्हा बो. नव्वदीच्या सुरुवातीला जपानचा आर्थिक फुगा फुटला. 1998 मध्ये हाराजुकूचा रविवारचा वाहनबंद रस्ता, म्हणजे तरुणांचा फुकटचा रॅम्प, कायमचा वाहनांना खुला झाला. बो मात्र जागचा हलला नाही.

हाराजुकूबाहेरच्या जपानला हे नाव कळलं ते एका गोष्टीमुळे. ताकेमोतो नोबारा यांची 2002 ची कादंबरी 'शिमोत्सुमा मोनोगातारी' आणि तिच्यावरचा नाकाशिमा तेत्सुया यांचा 2004 चा चित्रपट. इबाराकी प्रांतातल्या शेतांमधल्या गावी राहणारी मोमोको बेबीच्या कपड्यांसाठी रेल्वेने तोक्यो गाठते, आणि तिचं गाव मात्र सगळे कपडे जुस्को नावाच्या सुपरमार्केटातून घेतं. चित्रपटात लेबलचं नाव खरं आहे, कपडे खरे आहेत, मालक इसोबेसुद्धा एक पात्र म्हणून येतात. त्याच 2004 मध्ये बेबीने 'अ‍ॅलिस अँड द पायरेट्स' हे जरा गडद रंगांचं धाकटं लेबल काढलं. पुढे 2007 मध्ये पॅरिसला आणि 2009 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या जपानटाऊनमध्ये दुकान उघडलं. 2009 मध्येच जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने तीन मुलींना 'कावाई दूत' (कावाई म्हणजे गोंडस) नेमलं. त्यातली लोलितावाली आओकी मिसाको ही पेशाने नर्स. लोक आधी नाकं मुरडतात आणि बाहेरून कौतुक झालं की सरकार हार घालतं, हे आपल्याला काही नवीन नाही.

मला स्वतःला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती 2001 मध्ये सुरू झालेलं 'गॉथिक अँड लोलिता बायबल' हे मासिक-पुस्तक. त्यात फोटोंबरोबर कापडावर बेतायचे कागदी नमुने असायचे. ज्यांना विकत घेणं परवडत नव्हतं त्यांनी घरी मशीनवर शिवलं. 2017 मध्ये तेही थांबलं आणि त्याचं मूळ मासिक 'केरा'ची छापील आवृत्तीही.

आता खरा तिढा. कपडा सुंदर, शिवण निगुतीची, पण माप एकच. बऱ्याच फ्रॉकांवर फ्री साइझ लिहिलेलं असतं आणि ते साफ खोटं आहे. छाती साधारण 84 ते 94 सेंटीमीटर, कंबर त्याहून पंधरा-वीस सेंटीमीटर कमी, आणि खांद्यापासून कंबरेची शिवण इतकी वर की जरा उंच बाईच्या ती बरगड्यांवर बसते. आत बघावं तर दाबाला जेमतेम एक सेंटीमीटर कापड, तेही ओव्हरलॉक करून कापलेलं. आपल्या गल्लीतला शिंपी पोलक्याच्या दोन्ही बाजूंना इंच-दीड इंच कापड आत सोडतो, म्हणजे पुढे टीप उसवली की पोलकं वाढतं. मुलगी वाढते, बाळंतपण होतं, कपडा तोच राहतो. त्या एका इंचात जेवढा शहाणपणा आहे तेवढा इथल्या अख्ख्या दुकानात सापडायचा नाही, असं रागाच्या भरात वाटतं.

राग ओसरला की कारण दिसतं, आणि ते काठात आहे. या लेबलांचे नावाजलेले फ्रॉक म्हणजे स्वतः काढून घेतलेल्या चित्रांचे: किल्ले, केक, ससे, घोड्यांचं चक्र. चित्र घेराच्या खालच्या कडेला ओळीने येतं. त्यासाठी ते कापडाच्या किनारीला लागून छापतात आणि स्कर्ट आडवा कापतात. काठाच्या साडीचा परकर शिवताना आपण करतो तेच: काठ खाली, आणि परकराची उंची पन्ह्यातून. कापडाचा पन्हा 110 सेंटीमीटर धरला तर निम्मा स्कर्टच्या उंचीला जातो आणि उरलेल्यात अंगाचे तुकडे, बाह्या, पट्टे बसवायचे. घेर अडीच मीटर, खाली दुप्पट चुण्यांची लेस, म्हणजे पाच मीटर लेस एका कडेलाच. यात चार मापं काढली तर छापलेलं कापड चार ठिकाणी अडकतं. असे फ्रॉक थोडेच शिवतात, आणि बऱ्याचदा आगाऊ नोंदणी घेऊनच.

म्हणून या फ्रॉकची उंची खालून कमी करायची नाही, कधीच नाही. किल्ल्याचे पाय कापले जातात. कंबरेची शिवण उसवायची, स्कर्टचं कापड वरून कापायचं आणि पुन्हा चुण्या घालायच्या. चेन आणि बंदांच्या लूप त्या शिवणीत अडकलेल्या असतात, त्या आधी सोडवून ठेवायच्या. उंची वाढवायची असेल तर फ्रॉकला हातच लावायचा नाही. आठ-दहा सेंटीमीटर लेस लावलेला वेगळा परकर आत घालायचा आणि फक्त लेस बाहेर डोकावू द्यायची. इथल्या उंच बायका हेच करतात.

छातीच्या मापाची उणीव पाठीवरच्या शर्रिंगने भरून काढलेली असते. पाठीचा तुकडा जास्त रुंद कापून त्यावर साधारण सेंटीमीटरभर अंतराने इलॅस्टिक दोऱ्याच्या ओळी मारलेल्या असतात. अंगात घालताना ताणतो, नंतर आवळतो. पण दोऱ्यातलं रबर काही वर्षांत मरतं. घाम, ऊन आणि ड्रायरची गरम हवा हे तिन्ही त्याचे वैरी, त्यामुळे मुंबई-कोकणच्या हवेत ते आणखी लवकर जाईल. पाठ ताणून सोडली आणि ती आळसावल्यासारखी हळूहळू परत आली, तर रबर संपलं समजायचं.

ते बदलणं घरच्या मशीनवर जमतं. जुन्या ओळी एकेक करून उसवायच्या. एकदम उसवल्या तर अंतराच्या खुणा जातात. इलॅस्टिक दोरा बॉबिनवर हाताने, न ताणता गुंडाळायचा. मशीनवर गुंडाळला तर तो ताणूनच बसतो आणि शिवताना ओढ कमी-जास्त होते. वर साधा दोरा, टाका 3 ते 4 मिलिमीटर. पहिली ओळ मारल्यावर चुण्या थोड्याच दिसतात, घाबरायचं नाही. पुढच्या प्रत्येक ओळीला आधीचा भाग हाताने सपाट ताणून धरायचा. ओळींची दोन्ही टोकं बाजूच्या शिवणीत पक्की अडकवायची, नुसती कापून सोडली तर दोरा आत पळतो. सगळं झालं की इस्त्री कापडाला न टेकवता वरून वाफ द्यायची. दोरा आकसतो आणि चुण्या घट्ट होतात.

घेर फुलतो तो आतल्या पॅनिएमुळे, म्हणजे स्कर्टखाली घालायच्या फुगीर परकरामुळे. विकतचा नको असेल तर कडक नेटचा तीन थरांचा शिवता येतो: वरची सुती पट्टी 100 सेंटीमीटर, तिला 200 चा थर, त्याला 400 चा, आणि शेवटच्या कडेला 800 ची अरुंद झालर. प्रत्येक थर आधीच्याच्या दुप्पट. उंची फ्रॉकपेक्षा तीन ते पाच सेंटीमीटर कमी. आतून मऊ अस्तर हवंच, नाहीतर नेटने मोज्यांचे धागे निघतात. गडबड होते ती चुण्या सगळ्या कंबरेशीच भरल्याने: पोट फुगतं आणि कडा लोंबते. फुगारा खाली हवा. ठेवताना पॅनिए उलटा, कडेला क्लिप लावून टांगायचा. कपाटात दाबून ठेवला की जूनच्या दमट हवेत तो बसतो. बसलाच तर वाफ द्यायची. नेटला इस्त्री टेकली तर ते वितळतं.

कोणी इथे येऊन घेणार असेल तर पहिला फ्रॉक क्लोजेट चाइल्डसारख्या जुन्या कपड्यांच्या दुकानातून घ्यावा. इथे जुना म्हणजे बऱ्याचदा दोनदा घातलेला. लेबलवरच्या मापावर जाऊ नये. कपडा आडवा ठेवून काखेपासून काखेपर्यंत मोजावा, एकदा सैल आणि एकदा शर्रिंग ताणून, आणि दोन्ही आकडे दुप्पट करावेत. आपल्या छातीचं माप या दोन्हींच्या मध्ये यायला हवं. ताणलेल्या आकड्याला जेमतेम टेकत असेल तर बसल्यावर चेन उसवते. मग काखेचं अस्तर, गळ्याच्या लेसचा पिवळेपणा, बोमागच्या पिनेचा गंज. काढता येणारे बो आणि कंबरेचे बंद सगळे आहेत का ते विचारावं, कारण त्याच चित्राचा सुटा बंद पुन्हा मिळणं जवळजवळ अशक्य. मखमलीच्या लाल-काळ्या फिती पांढऱ्यावर शिवलेल्या असतील तर धुण्याआधी ओल्या पांढऱ्या फडक्याने दाबून रंग सुटतो का बघावं. सुटला तर फीत उसवून वेगळी धुवायची आणि पुन्हा हाताने टाचायची.